दोन बोटं पाणी

"किती?" बायकोने अंथरुणातूनच विचारलं.

"दोन बोटं," राखणदार म्हणाला.

"मग वर जाऊ नका."

भिंतीवर काचेची नळी होती, घोड्याच्या नालासारखी वाकलेली, आत लाल पाणी. तिचं एक तोंड उघडं. दुसऱ्याला जोडलेली रबरी नळी बायकोच्या ट्रंकेमागून जात फरशीतून वर आलेल्या जाड पाइपाला मिळायची. छपरावरचा पंखा फिरत असला की फरशीखालची हवा त्या पाइपातून वर ओढली जायची आणि नळीतलं पाणी एका बाजूला दोन बोटं चढायचं. पंखा थांबला की दोन्ही बाजू सारख्या.

इमारतीच्या जागी पूर्वी कारखाना होता. यंत्रांचे भाग धुवायचं रसायन तिथे वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं. कारखाना पाडला, वरची माती उचलून नेली, सात मजले चढवले. खोल मुरलेलं खोलच राहिलं. त्याची विषारी वाफ फटीफटीतून वर येते, नाकाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. तळमजल्यावर गाड्या लागायच्या. माणसं म्हणाल तर ही दोघंच.

गेल्या वर्षी पंखा अडायला लागला. लिफ्ट सातव्यापर्यंत, पुढे लोखंडी शिडी, भिंतीसारखी उभी. राखणदार ती चढायचा, पंख्याला काठीचे दोन टोले द्यायचा, मग पंखा कण्हत फिरायचा. एकदा शिडीवरच छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधार आला आणि तो तीन पायऱ्या घसरला. डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा शिडी चढलात तर मला बोलावू नका, खांदेकऱ्यांना बोलवा."

सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याने चार अर्ज दिले. "बघू," सेक्रेटरी चारही वेळा म्हणाले.

"नका हो चढू," बायको रडकुंडीला यायची.

"मी रात्रभर फाटकावर असतो. तू झोपतेस ना इथे? मग चढायला नको?"

असा तो रोज चढत राहिला. आणि एके दिवशी टोले नीट बसले असावेत. दुसऱ्या सकाळी पाहिलं, पाणी दोन बोटं वर. तिसऱ्या सकाळीही. त्यानंतर ते केसभर हललं नाही.

"पंख्याला अक्कल आली एकदाची," तो म्हणाला.

"तुमच्या काठीला भ्याला असेल." ती केस सुतळीने बांधत होती.

"चाप कुठे गेला तुझा?"

"पडला कुठेतरी. केस तरी कुठे उरलेत त्यात धरायला!"

त्याला कमी ऐकू यायचं. "पाइपाला कान लाव गं. गुणगुणतोय ना?" तो विचारायचा. ती गुडघे टेकून कान लावायची. "भुंग्यासारखा," म्हणायची. मग भांडी घासता घासता स्वतःच गायला लागायची. तिचं गाणं मात्र त्याला कसं कोण जाणे, ऐकू यायचं:

दोन बोटं लाल पाणी, उभं राहू दे नळीत,
माझ्या धन्याची पावलं, राहू देत गं खोलीत.

त्याच्या छातीतली कळ हळूहळू कमी झाली. तिचं मात्र डोकं जड व्हायला लागलं. मग भोवळ. मग अन्नावरची वासना गेली. डोळे पिवळे दिसायला लागले.

एका दुपारी वीज गेली. "नळीतलं पाणी बघतो जरा," म्हणत तो उठला. तिने त्याचा हात धरला.

"बसा इथेच. जीव घाबराय लागलाय."

वीज येईपर्यंत तिने हात सोडला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा जीव पहिल्यांदाच घाबरला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. "यकृत पार गेलंय यांचं. राहता कुठे?"

"तळमजल्यावर. पण हवा चांगली आहे, बाई. मी रोज नळी बघतो."

तिने भिंतीकडे तोंड केलं.

बारा दिवसांनी बाई म्हणाल्या, "आता घरी न्या. इथे करण्यासारखं काही उरलं नाही."

तो तिच्या उशाशी गेला. "उद्या न्यायला येतो. खोली धुऊनपुसून ठेवतो."

"धुवा. ट्रंकेला हात लावू नका पण. जड आहे. छाती सांभाळा."

"बरं."

"वर जाऊ नका."

"नाही जात गं बाई. दोन बोटं आहे पाणी."

तिने डोळे मिटले. सुटकेचं हसू त्या पिवळ्या चेहऱ्यावर जेवढं मावेल तेवढं आलं.

तो खोलीवर आला तेव्हा लिफ्टचा मेकॅनिक हत्यारं आवरत होता. "माझं एवढं काम कर बाबा," राखणदार म्हणाला. "वरच्या पंख्याला थोडं तेल घालून ये. म्हातारी उद्या घरी येतेय. तिला कसली उणीव नको."

मेकॅनिक वर गेला. राखणदाराने फरशी पुसली, नवी चादर काढली, तिची उशी झटकली. चादरीच्या सुरकुत्या हाताने मोडत असताना मेकॅनिक दारात येऊन उभा राहिला.

"काका, पंखा जळालाय. कधीचाच. वर पाइपाच्या तोंडात पाखराने घरटं केलंय, पिल्लं उडूनसुद्धा गेली."

"भलतंच काय! पाणी बघ की. दोन बोटं."

मेकॅनिकने पाणी पाहिलं. मग रबरी नळीवरून बोट फिरवत तो ट्रंकेपर्यंत गेला, ट्रंक बाजूला सारली आणि वाकला.

"हे कुणी लावलंय?"

नळी एका तपकिरी चापाने घट्ट चिमटलेली होती. त्याने तो काढला. लाल पाणी निमूट खाली आलं आणि दोन्ही बाजूंना सारखं झालं. चापाच्या दातांत एक लांब, पांढरा केस अडकला होता.