जोडमाळेचे मानकरी

टोपलीवरचं फडकं एका बाजूने दुमडलं गेलं होतं आणि मोठ्या पावाची कड नाहीशी झाली होती. तुटलेल्या जागी आतला भाग पिवळा दिसत होता, अंड्याचा बलक जास्त घातला की दिसतो तसा. कवचावरचे तीळ फिदेन्सिओच्या मिशीला चिकटले होते.

"काका," यादिरा म्हणाली, "तुम्ही खाल्लात."

"मग? सकाळपासून रंधा मारतोय. भूक लागली." सुताराने दुसरा घास तोंडात टाकला. तेवढ्यात त्याला पावाशेजारच्या चॉकलेटच्या वड्या दिसल्या. मग टोपलीच्या कडेला खोचलेली फुलं दिसली. त्याचा जबडा थांबला. "अरे देवा. ही मागणीची टोपली आहे?"

"हो."

गावची रीत सगळ्यांना ठाऊक होती. टोपली समोर ठेवायची, काय हवं ते सांगायचं. समोरच्याने पाव खाल्ला की तो होकार. नंतर माघार नाही. पण मागणी ऐकायच्या आधीच खाणारा फिदेन्सिओ पहिलाच.

यादिराचं लग्न असं एकेका टोपलीने उभं राहत होतं. तिच्यापाशी आणि युलिसेसपाशी साठवलेलं फारसं नव्हतं. खुर्च्यांचा मान, म्हणजे खर्चही, शाळेतल्या बाईंनी घेतला होता, केकचा शेजारच्या चोनामावशीने, बँडचा युलिसेसच्या मामांनी. जेवणं अंगणातच होणार होती. कागदाची फुलं आई घरी करत होती. लग्नाला अजून अवकाश होता आणि उरली होती फक्त जोडमाळ. पाद्रीबाबा आशीर्वाद देत असताना नवरानवरीच्या खांद्यांवरून ही एकच लांब माळ घालतात. ती घालायला जोडपं लागतं, तेही चर्चमध्ये लग्न लागलेलं.

"बरं, आता अडकलोच आहे तर सांग," फिदेन्सिओ म्हणाला. "टेबलं हवीत? बाकं?"

"जोडमाळ."

त्याने हातातला तुकडा खाली ठेवला. "पोरी, मी एकटा आहे."

"म्हणून तर उरलेला पाव टोपलीत आहे."

त्याने गल्लीपलीकडच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे यादिराची आई तोमासा गुलाबी कागदाच्या घड्या घालत बसली होती. त्याची बायको जाऊन फार वर्षं झाली होती, यादिराचा बापही तेव्हाच गेला. फिदेन्सिओने तोमासाला लग्नाचं विचारलं होतं, एकदा नाही, अनेकदा. ती कधीच नाही म्हणाली नव्हती. "यादिराचं होऊ दे, मग बघू," एवढंच. यादिराने हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती शाळेत जात होती. आता ती युलिसेसबरोबर समुद्राकाठच्या गावी राहायला जाणार होती, आणि मागे या घरात जेवणाच्या टेबलावर एकच ताट राहणार होतं. तिला काळजी होती ती केकची किंवा खुर्च्यांची नव्हतीच.

"आणि नाही म्हणाली तर?" त्याने विचारलं.

"निदान नाही तरी म्हणेल."

फिदेन्सिओने मिशी झटकली, आत जाऊन शर्ट बदलला आणि टोपली स्वतःच उचलली.

तोमासाच्या टेबलावर फुलांचा ढीग होता. चोनामावशी देठांसाठी तारा कापत होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय हो सुतारकाका, नवा शर्ट? कुणाचं बारसं आहे का आज?"

"नाही... म्हणजे..." त्याने टोपली टेबलावर ठेवली. "तोमासाबाई, मला जरा... ही टोपली म्हणजे..."

यादिरा त्याच्या मागोमाग येऊन दारात उभी होती.

तोमासाने मान वर केली नाही. एका हाताने कागद धरून ठेवला, दुसऱ्या हाताने पावाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

चोनामावशीची पक्कड हातातच राहिली. "अगं बाई! खाल्लंस? थुंक, तोमासा, थुंक ते! अजून काही विचारलंसुद्धा नाही त्यांनी!"

"राहू द्या, राहू द्या," फिदेन्सिओ घाईघाईने म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "चुकून झालं. मी धरणार नाही. मघाशी माझंही असंच झालं."

यादिराला रडू यायचंच बाकी राहिलं. इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस हातात आलेला होकार आपल्याच हाताने परत देत होता.

तोमासाने घास सावकाश चावला. गिळला. मग पावाचा आणखी एक तुकडा मोडला, पहिल्यापेक्षा मोठा.

"तुमचं झालं असेल चुकून," ती म्हणाली. "माझी मुलगी माझ्याच भट्टीत पाव भाजते, फुलं खोचते, समोरच्या सुताराकडे जाते, आणि ते कशासाठी हे मला कळत नाही? याच गावात जन्मलेय मी. सकाळपासून उपाशी बसलेय, ही टोपली कधी इकडे येते म्हणून."

फिदेन्सिओने खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसायचं विसरून तिची पाठ धरून उभा राहिला.

"आता कशाची वाट बघताय सगळे? चोना, उठ, पाद्रीबाबांना सांगून ये. लग्नाच्या दिवशी चर्च तासभर आधी उघडा म्हणावं. बँड तोच चालेल, केकही तोच पुरेल." तोमासाने हातातला तुकडा तोंडात टाकला आणि पहिल्यांदाच मान वर करून फिदेन्सिओकडे पाहिलं. "आधी आमचं लागेल, मग पोरीचं."