दुसरा गट

नवख्या फिजिओथेरपिस्ट हितेंद्रला धुळ्यात संशोधनाची इंटर्नशिप मिळाली. अर्धांगवायूच्या निम्म्या रुग्णांना व्यायाम शिकवायचा, दुसऱ्या गटाला केवळ गोळ्या द्यायच्या. व्यायामाचा गट दुसऱ्यापेक्षा जास्त सुधारला, तरच पिंपळनेरला व्यायामकेंद्र उघडणार होते.

"भाऊ, त्या बाईना हात हालाडतस, मना हात का बरं नही?" दुसऱ्या गटातल्या कुंदाबाईंनी विचारले. त्या दिवसापासून तो त्या साऱ्या गटालाही जिन्याखाली गुपचूप व्यायाम शिकवू लागला.

वर्ष सरताना कुंदाबाईंनी स्वतःच्या हातांनी थापलेली कळण्याची भाकरी त्याला आणून दिली.



तिची ऊब ओंजळीत असतानाच संशोधनाचे प्रमुख सर म्हणाले, "हितेंद्र, दोन्ही गट सारखेच सुधारले, म्हणजे व्यायामाचा उपयोग नाही. पिंपळनेरचं केंद्र रद्द."