नुसती ढोलकी

"शेवटच्या गाण्यात आवाजच जातो हो. पुढे नुसती ढोलकी," म्हणत यमुनाबाईंनी भागोजीच्या दुकानात कॅसेट काउंटरवर ठेवली. शाळेतून थेट आल्या होत्या, हातात छत्री होती.

भागोजी मनातून खूश झाला. महिन्याभरात परत आलेली ही एकोणिसावी. समर्थचा दुसरा आल्बम रत्नागिरीत सपशेल आपटला होता आणि त्यात भागोजीचा हात काही थोडाथोडका नव्हता. घ्यायला येईल त्याला तो आधीच सांगायचा, "बघा हां, माल खराब आहे." कंपनीला पत्रही त्यानंच लिहिलं, चिपळूण-लांज्याच्या दुकानदारांच्या सह्या घेऊन. कालच उत्तर आलं: सगळा माल परत पाठवा, ते गाणं काढून टाकून नवा काढतो. पहिल्या आल्बमनं दोन वर्षं वरातीवरातीत त्याचे कान किटवले होते. आता कसं गार वाटत होतं.

जळत होता तो, सरळ सांगायचं तर. दोघे एकाच वाडीतले. गणपतीत जाखडीच्या बारीला समोरासमोर बसणारे शाहीर. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, ढोलकी चालूच राहायची, दुसऱ्यानं तिच्यावर जबाब गायचा. त्र्याण्णव सालच्या गणपतीत समर्थनं सवाल टाकला आणि असा पाऊस कोसळला की मांडवच बसला. बारी मोडली. दुसऱ्या दिवशी समर्थ मुंबईला गेला आणि मोठा गायक झाला. इकडे वाडीनं ठरवून टाकलं, भागोजीला जबाब सुचला नाही.

सुचला होता. पण ऐकवायचा कोणाला? एकदा बायकोला ऐकवला. काशी म्हणाली, "आता त्याचा काय उपेग?" तेव्हापासून त्यानं समर्थच्या कॅसेटी विकल्या, पण लावली एकही नाही.

"एकदा लावून तरी बघा," यमुनाबाई म्हणाल्या. "उगाच माझ्यावर ठपका नको."

बाकीच्या अठरा सकाळच्या एसटीनं मुंबईला गेल्या होत्या. भागोजीनं तोंड वाकडं करून ही टेपमध्ये घातली आणि शेवटच्या गाण्यावर आणली. गिटार नाही, काही नाही. नुसता समर्थ, वाडीतल्यासारखा मोकळ्या गळ्यानं.

*समुद्राला तहान लागली रे गड्या, पाणी त्यानं मागावं कोणाकडं?*

भागोजीचा हात बटणावरच राहिला. तोच सवाल. शब्दाला शब्द तोच. मग आवाज थांबला आणि ढोलकी वाजत राहिली. वाडीच्या ठेक्यात, जबाबाला लागते तेवढा वेळ.

म्हणजे भागोजीकडे जबाब आहे, हे समर्थला पहिल्यापासून माहीत होतं. न ऐकताच माहीत होतं.

"बघा," यमुनाबाई म्हणाल्या. "पुढे काहीच नाही. खराबच आहे ना?"

"खराब नाय, बाई," भागोजी कसाबसा म्हणाला. "इथं मी गायचंय."

त्यानं काउंटरवर बोटांनी ठेका धरला. आठ वर्षं न गायलेला आवाज पहिल्या ओळीलाच फाटला, पण ओळ चुकली नाही.

*पऱ्याकडं, ओढ्याकडं मागावं रे, डोंगराचं गोड पाणी तोच आणी दारी...*

सकाळची एसटी तोवर चिपळूण ओलांडून गेली होती.