काचेची खोली

व्हर्लिननं लक्सर थिएटरात आयुष्यभर प्रोजेक्टर चालवला. त्याची शोकसभाही तिथंच, भिंतीवरच्या इजिप्तच्या राजांच्या प्लास्टरच्या पुतळ्यांखाली भरली.

"तो कोपऱ्यातला राजा तिरळा का, ठाऊक आहे?" कुणीतरी म्हणालं. "डोळे रंगवायला व्हर्लिन चढला होता!"

सगळे हसले. व्हर्लिनची बायको ओपलही हसली. "म्हणूनच मी त्याला घराच्या भिंतींना कधी हात लावू दिला नाही!" मग "जेवणाचे बटाटे ओव्हनमध्ये आहेत, बघून येते," म्हणत ती उठली.

आई हसली म्हणून त्यांची मुलगी लोरेनाही हसली होती. बाबा गेल्यापासून तिनं आईसमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आपण खचलो तर आई कोसळेल, एवढंच तिच्या मनात होतं. मग पडद्यावर बाबांचा फोटो आला आणि तिला राहवेना. कॉफीचं निमित्त करून तीही उठली.

थिएटरच्या मागच्या भिंतीत काचेची एक बंद खोली होती. सिनेमा चालू असताना तान्ही मुलं रडायला लागली की बायका त्यांना घेऊन तिथं बसायच्या. काचेतून पडदा दिसायचा आणि आतलं रडणं बाहेर कुणाला ऐकू जात नसे.

लोरेनानं घाईनं दार ढकललं. आत ओपल बसली होती. तिचा सगळा चेहरा भिजला होता.

"ये," ती म्हणाली. "आधी दार लाव, बाई. आवाज जातो बाहेर."