खात्रीचा फोन

चार महिने काकूंच्या बाथरूमला दार नव्हतं. सासूबाई चादरीच्या आडोशाने अंघोळ करत होत्या. शंभर फोन केल्यावर कंत्राटदार आज सकाळी एकदाचा उगवला आणि त्याने दार चौकटीला लावायला घेतलं, तोच काकूंचा मोबाइल वाजला.

"काकू, तुमचा नंबर कंत्राटदारांनीच दिला," एक अनोळखी मुलगी बोलत होती. "आईला काठीशिवाय चालता येत नाही, तिच्यासाठी बाथरूम नवं करून घ्यायचंय. त्यांचं लायसन्स पाहिलं, परवानग्या पाहिल्या, लोकांचे अभिप्राय वाचले. सगळं चोख आहे. तरी म्हटलं, तुमच्या तोंडून एकदा ऐकावं. माणूस कसा आहे हो?"

फोनमधला आवाज बाहेरही ऐकू येत होता. कंत्राटदाराचा स्क्रू पिळणारा हात थांबला. दार एकाच बिजागरीवर लोंबत होतं आणि तो काकूंकडे बघत होता.

काकूंनी लोंबणाऱ्या दाराकडे पाहिलं. "चांगला आहे गं. डोळे मिटून काम दे."

तो हसला आणि पुन्हा कामाला लागला. दार बसेपर्यंत संध्याकाळ झाली. तो बाहेर हत्यारं आवरत होता तेव्हा काकू आत शिरल्या, कडी लावली, नळ मोठा सोडला आणि त्याच नंबरवर फोन लावला.

"अगं, मघाशी तो समोर होता, म्हणून खोटं बोलले मी," त्या कुजबुजल्या. "त्याला काम देऊ नकोस, बाळा."



 

"काकू, तुमच्या शब्दावर मी लगेच हो म्हटलं. दुपारीच त्यांच्या माणसांनी येऊन आमचं बाथरूम फोडलं."