दुसरी रेघ

करी रोडच्या चाळीत, गावकीच्या खोलीत, सतरा माणसं दाटीवाटीने बसली होती. मधोमध जयवंतने नकाशा पसरला होता. नकाशावर पेन्सिलीच्या दोन रेघा. डोंगरावरच्या वाडीपर्यंत रस्ता न्यायला सरकार एकदाचं तयार झालं होतं. कुठून न्यायचा ते गावाने ठरवायचं आणि जागाही गावानेच द्यायची. गाव म्हणजे अर्थात मुंबईतले गाववाले. गावात जे राहतात त्यांना विचारायची पद्धत आमच्या लोकांत नाही.

पहिली रेघ सरळ देवराईतून वर चढत होती. दुसरी देवराईला वळसा घालून रमाकांतच्या भाताच्या कुणग्यातून, त्याच्या एकुलत्या एका खाचरातून, जात होती. तिसरी निघत नव्हती, बाकी सगळा कातळ.

दुसऱ्या रेघेचं नाव तासभर कुणी काढलं नाही. भांडण चाललं होतं ते देवराईवरून.

"माझी सून डोलीत मेली, अर्ध्या घाटीत," म्हातारे तुळशीदास म्हणाले. "तेव्हा तुमची झाडा खांदो देवक नाय इली."



"पण काका, झाडा गेली तर झरो ऱ्हवतलो काय?" जयवंतने हळूच विचारलं. "अख्खी वाडी तेचाच पाणी पिता."

"रस्तो झालो की टँकर येतलो," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि नाय इलो तर?"



रमाकांत भिंतीला टेकून बसला होता. संपाला चार वर्षं झाली होती. त्याच्या गिरणीचं फाटक अजून बंद होतं आणि ते आता उघडत नाही हे त्याने मनाशी कबूल केलं होतं. काळाचौकीची खोली सोडायची, शिमग्याआधी गावी जायचं आणि त्या एका कुणग्यावर दोघांनी पोट भरायचं, एवढं त्याचं आणि त्याच्या बायकोचं, नलूचं, ठरलं होतं. हे इथल्या सतराच्या सतरा जणांना माहीत होतं. म्हणून तर दुसऱ्या रेघेकडे कुणी बघत नव्हतं, आणि दुसरा कुणी बघत नाही ना, यावर सगळ्यांचं लक्ष होतं.

नलू चहाची किटली घेऊन दारात उभी होती. गावकीत बायकांना बसायचा मान नाही, चहा करायचा आहे. खरं तर ती चहासाठी आलीच नव्हती. नको तिथे हो म्हणायची नवऱ्याची खोड तिला ठाऊक होती.

"रमाकांता, ऊठ बाबा," शेवटी तुळशीदास म्हणाले. "गाऱ्हाणा घाल. देवाची परवानगी घी आणि होवन जांव दे एकदा."

देवराईचा मान रमाकांतच्या घराण्याचा. त्याने गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे गावाचं मागणं, घातल्याशिवाय तिथली काटकीसुद्धा तुटत नाही. आणि नारळावर हात ठेवून जे बोललं ते मागे घेता येत नाही, मग ते गावात बोललेलं असो की करी रोडला.

तो उठला. कोपऱ्यातल्या पाटावर देवाच्या नावाचा नारळ मांडला होता, त्यावर त्याने हात ठेवला. तो दमला होता. चार वर्षं सभा झाल्या, मोर्चे झाले, दर वेळी हात वर करून झाले. आता दुसऱ्या कुणीतरी काहीतरी बोलावं, एवढंच त्याला वाटत होतं. जयवंतचे व्हाळाच्या पाण्याकाठी चार कुणगे होते. तुळशीदासांचे तीन. 'तुझो कुणगो गेलो तर माझ्यातलो एक घी,' एवढं एक वाक्य. त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे नारळाकडे पाहत होते.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली, "आज तुझी लेकरा हय एकठांय जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!" खोलीने रिवाजाप्रमाणे साथ दिली.

"तुझ्या रायेक कोणी हात लावचो नाय. तुझो झरो असो तसो व्हावत ऱ्हवांदे..."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज चाचरत आला. तुळशीदासांचे ओठ हललेच नाहीत.

"वाडीक रस्तोय होयो. तो माझ्या कुणग्यातसून जातलो. माझो कुणगो मी तुझ्या पायार घातलंय. मान्य करून घी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

असा होकार त्या खोलीत आजवर कुणी ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला लागली. तुळशीदासांनी रडत रडत त्याला मिठी मारली. कुणी त्याच्या पाया पडलं, कुणी देवमाणूस म्हणालं. जयवंतने तर लगेच पेन काढून दुसरी रेघ शाईने गिरवली. त्याला उगाच वाटलं की उशीर केला तर कुणाचं तरी मन बदलेल.

रमाकांतने नारळावरचा हात काढला नव्हता. कुणीतरी अजून बोलेल म्हणून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने हात काढला आणि धोतराला पुसला.

नलूने किटली खाली ठेवली. गावकीच्या सभेत तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"सगळ्या गावाचा गाऱ्हाणा ह्येंनी घातल्यानी," ती म्हणाली. "आता आमचा कोण घालता?"

एकेक जण उठून कपडे झटकू लागला. पण ती दारातच उभी होती, आणि दुसरी वाट त्या खोलीला नव्हती.