विद्यादान

"आणि क्लासचं उत्पन्न, सर?" विचारून मी पेनाचं टोपण चावू लागले.

समोर आमच्या कॉलेजचे निफाडकर सर बसले होते. इन्कम टॅक्स शिकवणारे. सुट्टीत मी ज्या सीए मॅडमकडे इंटर्नशिप करत होते, त्यांच्याकडूनच सर रिटर्न भरून घ्यायचे. माझ्या इंटर्नशिपचे गुण मात्र सरांच्याच हातात होते. दीडशे पोरांच्या वर्गातली मी त्यांना आठवतही नव्हते.

"कसला क्लास? दोन-चार पोरं घरी येतात अडचणी विचारायला. मी पैसे घेत नाही. विद्यादान आहे ते."

वर्षभर रोज सकाळी सहाला मी त्यांच्या घरी गेले होते. बारा हजार रोख मोजून दिले होते. गुणांच्या भीतीने मी शून्य लिहायला पेन टेकवलंसुद्धा, पण माझ्या बारा हजारांचं विद्यादान झालेलं मला काही पचेना.

"सर, क्लायंटच्या नुसत्या शब्दावर रिटर्न भरू नये, असं मला एका सरांनी शिकवलंय. सहाच्या बॅचला."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मॅडम फोनवर आहेत ना, हे वळून पाहिलं.

"लिही," ते हळूच म्हणाले. "चाळीस पोरं."

"त्रेचाळीस, सर. आम्ही तिघी खिडकीत बसायचो."

"तरीच!" सर उसळले. "वर्षभर तोंड रस्त्याकडे, मग ओळखणार कसं?"